फोन चालवता येतो, बातमी तपासता येते का? : माध्यम साक्षरता आणि सरकारचे धोरण

सांगलीच्या गणपती पेठेतील एका किराणा दुकानात मागे एकदा माझ्यासमोर नववीतला एक मुलगा दहा रुपयांचे नाणे पुढे करून उभा होता आणि दुकानदार ते घ्यायला तयार नव्हता. नाण्यावर रुपयाचे चिन्ह नाही, म्हणजे ते खोटे, असे त्याचे म्हणणे होते. मुलाने न चिडता सांगितले की, रुपयाचे चिन्ह २०१० साली आले, हे नाणे त्याच्या आधीचे आहे, तेव्हा त्यावर ते चिन्ह असेलच कसे? दुकानदाराने नाणे उलटसुलट करून त्यावरचे साल पाहिले आणि म्हणाला, “बाळा, तुझं खरं असंल. पण हे मी पुढं कुणाला देऊ?”

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केले होते की, दहा रुपयांची वेगवेगळ्या काळात काढलेली चौदा नमुन्यांची नाणी चलनात असून ती सगळी वैध आहेत. तरीही ही अफवा वर्षानुवर्षे टिकली, कारण ती टिकवण्यासाठी कुणी मूर्ख असण्याची गरजच नव्हती. दुकानदाराला मुलाचे म्हणणे पटले होते. पुढच्या गिऱ्हाइकालाही ते पटेल, याची खात्री त्याला नव्हती. खरी माहिती एकट्यादुकट्याला असून भागत नाही, ती सर्वांना आहे हेही सर्वांना ठाऊक असावे लागते. माध्यम साक्षरता हा केवळ हुशार मुलाचा वैयक्तिक गुण न राहता सरकारी धोरणाचा विषय का होतो, हे मला त्या दुकानदाराच्या एका वाक्यात जितके स्वच्छ कळले, तितके जाडजूड अहवालांत कळले नव्हते.

माध्यम साक्षरता म्हणजे वर्तमानपत्र, दूरचित्रवाणी, जाहिरात, यूट्यूबवरील चित्रफीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला मजकूर यांतून जे सांगितले जाते, ते कोण सांगतो आहे, त्याला ते कशावरून माहीत, ते आपल्यालाच का सांगितले जात आहे, त्यात काय गाळले आहे आणि त्यातून कुणाचा फायदा होतो, हे प्रश्न विचारण्याची सवय व ते प्रश्न सोडवण्याचे कसब. आपण स्वतः काही लिहितो किंवा पुढे पाठवतो, त्याची जबाबदारी ओळखणे हाही त्याचाच भाग आहे. हिची गल्लत नेहमी डिजिटल साक्षरतेशी केली जाते. फोन चालू करणे, अ‍ॅप उतरवून घेणे, क्यूआर कोड दाखवून पैसे देणे, सातबारा ऑनलाइन काढणे ही डिजिटल साक्षरता झाली. ज्याला हे सारे सफाईने जमते, तोच माणूस एखादी खोटी बातमी अर्ध्या मिनिटात साठ जणांना पाठवू शकतो, आणि यंत्र हाताळण्याच्या दृष्टीने तो पूर्ण साक्षरच असतो.

या गल्लतीची किंमत आपल्या भागाने मोजली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील लवंगा येथे विजापूरहून पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने काठ्यांनी आणि पट्ट्यांनी मारले. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, एवढेच निमित्त झाले. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांचा अशाच अफवेने जीव घेतला होता. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि त्यांतले बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातले. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा पसरली, तेव्हा कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांवर पक्षी मातीमोल भावाने विकण्याची वेळ आली. पहिल्या दोन घटनांत माणसे दगावली किंवा रक्तबंबाळ झाली, तिसरीत संसार मोडले. तिन्हींत लोकांच्या हातातला फोन मात्र व्यवस्थित चालू होता.

अशा वेळी सर्वांत आधी सुचतो तो उपाय म्हणजे फोन बंद करणे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा जो पायंडा पाडला, त्याची चर्चा देशभर झाली, आणि मुलांच्या अभ्यासासाठी तो उपक्रम चांगलाच आहे. पण साडेआठनंतर फोन पुन्हा सुरू होतो आणि दीड तासात साठलेले सगळे संदेश एकदम येऊन पडतात. कंपन्यांचे तांत्रिक उपायही याच जातीचे असतात. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. त्याने अफवेचा वेग कमी होतो, पण संदेश वाचणाऱ्याला पारख येत नाही.

ती पारख शाळेतून द्यावी, हा विचार इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. १९८२ साली तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतील ग्रुनवाल्ड येथे १९ देशांच्या प्रतिनिधींनी युनेस्कोच्या पुढाकाराने एक जाहीरनामा काढून माध्यमशिक्षणाची जबाबदारी सरकारांनी घ्यावी असे म्हटले, तेव्हा त्यांच्यासमोर रेडिओ आणि टीव्ही होते. २०११ मध्ये युनेस्कोने शिक्षकांसाठी माध्यम व माहिती साक्षरतेचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला आणि २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ ते ३१ ऑक्टोबर हा आठवडा या विषयासाठी ठरवून दिला. जाहीरनामे आणि आठवडे हे सगळे ठीकच आहे. प्रत्यक्षात काय घडते ते मात्र एखादे सरकार हा विषय नेमका कुणाच्या गळ्यात बांधते यावर ठरते.

फ्रान्सने तो शिक्षणखात्याच्या गळ्यात बांधला. तिथे क्लेमी नावाची संस्था १९८३ पासून शिक्षण मंत्रालयाच्या छत्राखाली शिक्षकांना माध्यमशिक्षणाचे प्रशिक्षण देते, दरवर्षी शाळांमध्ये वृत्तपत्रे आणि माध्यमांचा सप्ताह होतो, आणि २०१३ च्या शिक्षणविषयक कायद्याने हा विषय शाळेच्या कामात आला. ब्रिटनने वेगळी वाट धरली. २००३ च्या दळणवळण कायद्याने माध्यम साक्षरता वाढवण्याचे कर्तव्य ऑफकॉम या नियामक संस्थेवर टाकले, म्हणजे जी संस्था वाहिन्यांवर देखरेख करते, तिच्यावरच प्रेक्षक शहाणा करण्याचीही जबाबदारी आली. युरोपीय संघाने २०१८ च्या दृक्श्राव्य माध्यमविषयक निर्देशाने सर्व सदस्य देशांना या कामाला चालना देणे आणि त्याचा अहवाल ठरावीक काळाने सादर करणे बंधनकारक केले. अहवाल द्यावा लागतो म्हणून काम होते, हा प्रकार आपल्याकडच्या कार्यालयांत काम केलेल्यांना समजावून सांगायला नको.

या सगळ्यांत फिनलंडचा विचार मला अधिक खोल वाटतो. तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने, जो २०१४ मध्ये ठरला आणि २०१६ च्या ऑगस्टपासून शाळांत आला, माध्यम साक्षरता हा वेगळा तास न ठेवता ‘बहुसाक्षरता’ नावाने ती सर्व विषयांत विरघळवली. मजकूर, आकडे, चित्र, आवाज यांपैकी कोणत्याही रूपात आलेली माहिती वाचता आणि तोलता येणे, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. गणिताच्या तासाला आलेखाची पट्टी कापून फरक कसा मोठा दाखवतात ते शिकायचे, चित्रकलेत छायाचित्र कसे बदलता येते ते करून पाहायचे, भाषेच्या तासाला एकाच घटनेच्या दोन बातम्यांतील शब्दांची निवड ताडून पाहायची. २०१९ मध्ये त्या सरकारने माध्यमशिक्षणाचे राष्ट्रीय धोरण वेगळे प्रसिद्ध केले खरे, परंतु काम चालते ते वर्गात, आणि प्रत्येक शिक्षकाकडून.

हे आपल्याकडे कसे दिसेल, याची कल्पना करण्यासाठी कृष्णाकाठच्या मुलांना लांब जावे लागत नाही. पावसाळ्यात दरवर्षी फिरणारा नमुनेदार संदेश घ्या : ‘कोयनेतून आत्ता एक लाख क्युसेक पाणी सोडले, रात्रीत आयर्विन पुलाला पंचावन्न फूट पाणी, ताबडतोब बाहेर पडा’, आणि त्यासोबत पुराचे एक छायाचित्र. नववीच्या वर्गात हा संदेश फळ्यावर लिहिला तर तो तपासायला निम्मे विषय कामाला लागतात. कोयनेच्या दरवाजांतून किती आणि पायथा विद्युतगृहातून किती पाणी सुटते, ते पाटणहून कऱ्हाडमार्गे सांगलीपर्यंत यायला वेळ लागतो की नाही, वारणेचे पाणी कृष्णेला कुठे मिळते, हा भूगोल झाला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट असताना, आज सकाळचा आकडा आणि तासाला होणारी वाढ धरून रात्रीचा आकडा शक्य आहे का, हे गणित झाले. संदेशात ‘आत्ता’ आहे पण तारीख नाही, ‘सोडले’ आहे पण कुणी जाहीर केले ते नाही, हे भाषेच्या तासाचे काम आहे. आणि छायाचित्र ऑगस्ट २०१९ चे निघाले, जेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, तर ते आजचे म्हणून का वापरले गेले, ही इतिहासाची साधनचिकित्साच आहे. या तपासणीतून पुढे निघणारे उत्तर ‘संदेश खोटा, घरी बसा’ असेच असेल असे नाही. कधी पाणी खरोखरच वाढत असते आणि मग जलसंपदा विभागाचा आकडा पाहून वेळेवर घर सोडणे हेच शहाणपण ठरते. खरी सूचना ओळखता येणे हे खोटी ओळखण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ‘सगळेच खोटे असते’ असे मानणाऱ्या माणसाला पूर आला तरी कळत नाही.

आता आपल्या देशाच्या धोरणाकडे वळू. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून शिक्षण हा समवर्ती सूचीतील विषय आहे, त्यामुळे केंद्र दिशा आखते, राज्य आपला आराखडा तयार करते आणि पुस्तक बालभारती छापते. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचार, पुराव्यावर आधारलेला विचार आणि डिजिटल साक्षरता या गोष्टींचा उल्लेख आहे. त्यामुळे माध्यम साक्षरतेचे बहुतेक साहित्य घरात आहे, असे म्हणता येईल, मात्र स्वतंत्र विषय म्हणून तिला त्यात जागा नाही आणि ही कौशल्ये बातमीवर कशी चालवायची, हे सांगण्याचे काम खालच्या पायऱ्यांवर सोडलेले आहे. जिथे प्रत्यक्ष पैसा आणि यंत्रणा लागली, तिथे भर यंत्र हाताळण्यावर राहिला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील एकेका व्यक्तीला शिकवण्याचे लक्ष्य ठेवले आणि मार्च २०२४ मध्ये ते संपले, तेव्हा लक्ष्याहून अधिक लोक शिकून बाहेर पडले होते. एवढे मोठे काम सरकारी योजनेने पार पाडणे ही साधी गोष्ट नाही. पण त्या वीस तासांच्या अभ्यासक्रमाचा गाभा उपकरण चालवणे, इंटरनेट वापरणे आणि डिजिटल व्यवहार करणे हा होता.

प्रौढांसाठी सध्या नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे ‘उल्लास’, चालू आहे. २०२२ ते २०२७ या काळासाठी १,०३७.९० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या कार्यक्रमात अक्षरओळखीबरोबर जीवनकौशल्येही आहेत, आणि त्यांत आर्थिक व डिजिटल साक्षरता येते. सातारा जिल्ह्याला यात एक जुना मान आहे : राज्यभर गाजलेली ग्रामशिक्षण मोहीम १९५९ मध्ये याच जिल्ह्यात सुरू झाली होती. तेव्हा निरक्षर माणसाला सही करता आली आणि पाटी वाचता आली की गावाचा उत्साह मावत नसे. आज त्याच गावातील आजीला नातवाने दिलेल्या फोनवर ‘तुमच्या नावावर पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ असा व्हिडिओ कॉल येतो आणि खाकी कपड्यातला माणूस तिला घरातच ‘डिजिटल अटक’ करतो. कायद्यात अशी अटक नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून सांगितले आणि थांबा, विचार करा, मग कृती करा असा सल्ला दिला. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. अशा सूचना हव्यातच. पण सूचना एका फसवणुकीपुरती असते आणि पुढची फसवणूक वेगळ्या वेषात येते.

शाळेच्या पातळीवर देशात केरळ पुढे आहे. तिथे कण्णूर जिल्ह्यात २०१८ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग सुरू झाले. लसीकरणाविषयीच्या अफवांमुळे पालक मुलांना लस द्यायला कचरत होते, हे त्यामागचे एक कारण होते. २०२४ पर्यंत हा विषय त्या राज्याच्या पाचवी व सातवीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत पोहोचला. म्हणजे जिल्ह्याचा प्रयोग सहा वर्षांत राज्याचा पाठ झाला. आपल्याकडे जिल्हा पातळीवर डायट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आहे, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आहेत, केंद्रप्रमुख आहेत. प्रयोग करायला लागणारी शिडी इथेही उभीच आहे.

शिकवून खरेच फरक पडतो का, या रास्त शंकेचे उत्तर बिहारमधील दोन अभ्यासांतून मिळते, आणि ते एकत्रच वाचले पाहिजेत. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास राज्यशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा बद्रीनाथन यांनी बाराशेहून अधिक लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासाभरात खोटी माहिती कशी ओळखावी ते शिकवले. एकंदर परिणाम जवळजवळ शून्य निघाला, आणि ज्यांची पक्षनिष्ठा पक्की होती त्यांच्यापैकी काहींवर तर, आपल्या पक्षाला सोयीची खोटी बातमी समोर आल्यावर, उलटाच परिणाम दिसला. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी राज्य सरकारच्या जीविका या यंत्रणेसोबत ५८३ गावांतील साडेतेरा हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर दुसरा प्रयोग केला. या वेळी एकच व्याख्यान न देता काही आठवडे अंतराअंतराने वर्ग घेतले गेले. या मुलांची पारख वाढली, काही महिन्यांनी पाहिले तरी ती टिकून होती, आणि विशेष म्हणजे त्यांच्या पालकांमध्येही फरक दिसला. आपल्याकडे ‘जनजागृती’ म्हणून एका सभागृहात तीनशे मुले बसवून तासभर भाषण, पाहुण्यांना नारळ आणि वर्तमानपत्रात फोटो, हा जो कार्यक्रम होतो, त्याच्याबद्दल यातून काय अर्थ काढायचा ते उघड आहे.

एक धोका मात्र स्पष्ट बोलायला हवा. सरकारने पारख शिकवणे वेगळे आणि खरे काय ते सरकारने ठरवणे वेगळे. पत्र सूचना कार्यालयाचा तथ्य पडताळणी विभाग २०१९ पासून सरकारविषयीच्या खोट्या दाव्यांचा खुलासा करतो, आणि खुलासा करण्याचा हक्क कुणालाही असतो. परंतु २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत बदल करून केंद्र सरकारने आपल्या कारभाराविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आपणच नेमलेल्या पथकाकडे घेतला, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. दोन न्यायमूर्तींत जानेवारी २०२४ मध्ये मतभेद झाला, प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य म्हणून रद्द झाला. अभ्यासक्रमालाही हीच कसोटी लावली पाहिजे. ज्या पाठाने मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अनोळखी माणसाला प्रश्न विचारायला शिकतो, पण सरकारी जाहिरातीला, वर्गात शिकवणाऱ्या मास्तरांना आणि आपल्याच जातीच्या, आपल्याच पक्षाच्या गटावरच्या मजकुराला तोच प्रश्न विचारत नाही, तो पाठ अर्धाच झाला.

महाराष्ट्रात हे शून्यातून उभारावे लागणार नाही. बालभारतीच्या दहावीच्या इतिहासाच्या, २०१८ मध्ये आलेल्या पुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हा पाठ आहे, आणि बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’पासून दूरदर्शनपर्यंत येऊन तो माध्यमांतील माहितीच्या चिकित्सक आकलनाविषयीही बोलतो. त्यात ‘स्टर्न’ या जर्मन साप्ताहिकाची गोष्ट येते : हिटलरच्या हस्ताक्षरातील डायऱ्या सापडल्या म्हणून गाजावाजा झाला, आणि पुढे त्या बनावट निघाल्या. इतका चांगला उतारा असूनही, मी ज्या काही वर्गांत विचारले तिथे मुलांना ‘दर्पण’ची तारीख पाठ होती आणि हिटलरच्या डायऱ्या आठवत नव्हत्या, कारण तारीख रिकाम्या जागेत विचारली जाते. मराठीच्या उपयोजित लेखनात मुले जाहिरात लिहितात, बातमी लिहितात. आकर्षक शब्द, सवलत, संपर्क असे सारे आले की गुण मिळतात. तयार जाहिरात देऊन ‘यात काय सांगितलेले नाही?’ असे विचारणारा एक प्रश्न त्याच शेजारी ठेवायला नवे पुस्तक लागत नाही, नवा तास लागत नाही. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने ठरवले पाहिजे आणि उत्तर तपासणाऱ्याला ठोकळेबाज नमुना उत्तराशिवाय गुण देण्याची मुभा असली पाहिजे. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, असे शिक्षक मित्र सांगतात, आणि मला ते खरे वाटते.

राज्याचा नवा अभ्यासक्रम जून २०२५ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला आहे आणि दहावीची पाळी त्यात शेवटी येईल. तोवर सध्याचे पुस्तक चालेल, आणि ‘स्टर्न’चा तो उतारा नव्या पुस्तकात राहतो, वगळला जातो, की पाचवी-सहावीच्या वर्गांपर्यंत खाली आणून त्याच्या जागी दहा रुपयांच्या नाण्याची गोष्ट येते, हे ठरायला अजून अवकाश आहे.